जुना मोबाईल, नवा कायदा आणि आपला माणूस

(संस्थेच्या सभागृहात सभासद व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानासाठी मला विषय विचारला गेला तेव्हा मी सांगितले, "वापरलेल्या मोबाईलची विल्हेवाट आणि त्यासंबंधीचे कायदे." त्यावर आपले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, समाजापुढे शिक्षणाचा प्रश्न आहे, नोकऱ्यांचा आहे, घरांचा आहे. त्यात हे भंगार कुठून काढलेत?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी आत्ताच देतो. या देशात भंगार कोण वेचतो, कोण फोडतो, आणि ते जाळल्यावर निघणारा धूर कोणाच्या लेकरांच्या छातीत जातो, हे आपल्याला बाहेरच्या कोणी येऊन सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या हातून हा माल जातो ती माणसे बहुसंख्येने आपल्याच वस्त्यांतली आहेत. म्हणून भंगाराचा कायदा हा आपल्या घरचा विषय आहे.

मी काही वकील नाही. बी. ए. झालो, बँकेत लिपिक म्हणून चिकटलो आणि आजवरचे निम्मे आयुष्य परिपत्रके वाचण्यात गेले. परंतु परिपत्रके वाचणाऱ्याला एक सवय लागते. कोणाला काय "करावे लागेल" आणि कोणाला काय "करता येईल" हे तो आधी शोधतो. पहिल्यात जबाबदारी असते, दुसऱ्यात सोय असते. राजपत्रातले हे नियमही मी त्याच नजरेने वाचले आहेत.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. मोबाईल उघडला की आत एक हिरवी पट्टी दिसते. भंगार बाजारात तिला बोर्ड म्हणतात. तिच्यावर तांबे असते, जोडांवर सोन्याचा मुलामा असतो, थोडी चांदी आणि पॅलेडियम असते. बॅटरीत लिथियम असते आणि बहुधा कोबाल्टही. एक टन खनिजातून काही ग्रॅम सोने निघाले तरी सोन्याची खाण चालते. बॅटऱ्या काढलेल्या एक टन मोबाईलमध्ये मात्र सोन्याचे प्रमाण शेकडो ग्रॅमच्या घरात जाते. जपानने हे लोकांना फार चांगल्या रीतीने पटवून दिले. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत तिथे नगरपालिकांमार्फत सुमारे ७९,००० टन लहान उपकरणे गोळा झाली आणि दूरध्वनी कंपनीच्या दुकानांतून सुमारे ६२ लाख जुने मोबाईल जमा झाले. त्यातून ३२ किलो सोने आणि ३,५०० किलो चांदी निघाली. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदके त्याच धातूची घडवली गेली. या मोहिमेच्या मागे एप्रिल २०१३ पासून अमलात असलेला लहान उपकरणांच्या पुनर्वापराचा कायदा उभा होता, हे विसरू नये.

हीच पट्टी उघड्यावर जाळली किंवा तेजाबाच्या पिंपात बुडवली तर काय होते? जुन्या डाखकामातले शिसे मोकळे होते. प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून घातलेली ब्रोमीनची संयुगे धुरात जातात. वापरलेले तेजाब गटारात सोडले जाते आणि तिथून ते नदीत. दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशात रामगंगेकाठचे मुरादाबाद ही नावे या कामासाठी देशभर कुप्रसिद्ध झाली. शिसे मोठ्या माणसालाही घातक आहे, पण लहान मुलाच्या मेंदूवर त्याचा जो परिणाम होतो तो पुढे औषधाने भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ई-कचऱ्याचा मुलांच्या आरोग्यावर होणारा परिणाम या एकाच विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. मुलगा अभ्यासात मागे पडला की आपण त्याच्या आईबापाला बोल लावतो. त्याच्या घराच्या मागे काय जळते, हे आपण विचारत नाही.

२०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेला कुठे गेला हे कागदावर नाही. तो कुठेतरी कोणाच्या तरी हाती आहे.

आता कायद्याकडे येतो. आपल्याकडे संसदेने मोबाईलसाठी वेगळा कायदा केलेला नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्या कायद्याखाली सरकार नियम काढते. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली निघाले व १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यांत एक मोठे तत्त्व आले : वस्तू बनवून विकणाऱ्याची जबाबदारी ती विकून संपत नाही, तिचा कचरा झाल्यावरही ती त्याच्याकडेच राहते. तत्त्व उत्तम. परंतु किती माल परत घ्यायचा याचा आकडाच त्या नियमांत नव्हता. हप्ता किती ते न लिहिता कर्ज मंजूर करावे, तसला हा प्रकार.

आकडा आला तो २०१६ च्या नियमांत. ते १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झाले. पहिल्या दोन वर्षांत ३० टक्के, मग वाढत वाढत ७० टक्के माल कंपन्यांनी गोळा करावा असे त्यांत होते. दीड वर्ष झाले नाही तोच, मार्च २०१८ मध्ये, सुरुवातीचे ३० टक्के उतरून १० टक्के करण्यात आले. उद्योगाची अडचण ऐकून घेतली गेली. अडचण ऐकून घेण्याची अशी तत्परता भंगार वेचणाऱ्या बाईच्या बाबतीत दिसली असती तर मी आज या विषयावर बोलायला उभा राहिलो नसतो.

२०१६ च्या नियमांत आणखी एक कल्पना होती, आणि बँकेच्या माणसाला ती चटकन आवडावी अशी होती. वस्तू विकताना कंपनीने ग्राहकाकडून थोडी ठेव घ्यायची आणि जुनी वस्तू परत आणल्यावर ती ठेव व्याजासह परत करायची. काचेच्या बाटलीचे पैसे आपण लहानपणी दुकानदाराकडून परत घेत होतो, तसेच. जुना फोन कपाटाच्या खणात पडून न राहता परत यावा याला यापेक्षा सोपा उपाय मला सुचत नाही. परंतु ही योजना "करता येईल" या सदरातली होती. तुमच्यापैकी किती जणांना मोबाईलवर अशी ठेव परत मिळाली, हात वर करा. (सभागृहात एकही हात वर झाला नाही.)

सध्याचे नियम २ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाले व १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पूर्वी २१ प्रकारची उपकरणे होती, ती १०६ झाली. पद्धतही पूर्णपणे बदलली, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा एका कंपनीने पाच वर्षांपूर्वी १,००० टन मोबाईल विकले, आणि फोनचे आयुष्य हिशेबापुरते पाच वर्षे धरले. तर २०२५-२६ या वर्षी तिला त्याच्या ७० टक्के, म्हणजे ७०० टनांइतकी पुनर्प्रक्रिया झाल्याचे दाखवावे लागते. आधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण ६० टक्के होते, २०२७-२८ पासून ते ८० टक्के आहे. पण कंपनीने तिचेच फोन गोळा केले पाहिजेत असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी झालेला पुनर्प्रक्रिया कारखाना सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंच्या हिशेबाने प्रमाणपत्रे निर्माण करतो आणि कंपनी ती विकत घेते. आमच्याकडच्या क्लिअरिंगसारखेच हे आहे. नोटा इकडून तिकडे कोणी नेत नाही, कागद फिरतो आणि शेवटी जुळवणी होते. हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पूर्वी गोळा केल्याचे आकडे लिहिले जात, पण त्या आकड्यांमागे माल होता की नाही हे शोधणे कठीण होते. आता निदान धातू मोजला जातो.

या प्रमाणपत्राची किंमत फार खाली जाऊ नये म्हणून सरकारने २०२४ मध्ये कंपन्यांनी द्यायचा किमान दर ठरवला. ग्राहकोपयोगी विद्युत उपकरणांसाठी किलोला २२ रुपये आणि स्मार्टफोनसाठी किलोला ३४ रुपये. काही मोठ्या कंपन्या याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आता गणित करा. साधारण दोनशे ग्रॅमचा एक फोन धरला तर किलोत पाच बसतात. म्हणजे एका फोनमागे सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. पंधरा-वीस हजारांना विकलेल्या वस्तूची अंत्ययात्रा सात रुपयांत, आणि तेवढ्यावरही उद्योगांची तक्रार!

पण माझा मुख्य मुद्दा पैशाचा नाही. कारखान्याच्या फाटकापासून पुढे कायदा बारकाईने पाहतो. तुमच्या घरापासून त्या फाटकापर्यंत फोन कसा गेला, तो कोणाच्या खांद्यावरून गेला, याविषयी तो जवळजवळ गप्प आहे. २०१६ च्या नियमांत साध्या ग्राहकावरही जबाबदारी होती : ई-कचरा अधिकृत केंद्रावर द्यायचा. २०२२ मध्ये वर्षभरात हजार किंवा अधिक उपकरणे वापरणारा मोठा ग्राहकच तेवढा धरला आहे. आमच्यासारख्या बँका त्यात येतात. २०१६ च्या व्याख्येत तर बँकांचा नावानिशी उल्लेख होता. बँकेचा जुना संगणक आता लिलावात वाटेल त्याला देता येत नाही. पण घरोघरच्या खणांत पडलेले फोन कोणी आणायचे?

ते आजही कोण आणतो हे तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी गल्लीत मोटारसायकल येते, भोंग्यावर आवाज असतो : बंद पडलेला, बिघडलेला मोबाईल द्या. बदल्यात प्लास्टिकचा डबा किंवा टब मिळतो. तिथून माल छोट्या भंगारवाल्याकडे, तिथून मोठ्याकडे, आणि वाटेत कुठेतरी बोर्ड वेगळा निघतो. आमच्या वस्तीतल्या एक मावशी हे काम करतात. स्क्रू काढून फोन उघडायला त्यांना एक मिनिट पुरते. मी विचारले, "मावशी, बॅटरी कुठे देता?" त्या म्हणाल्या, "तिचा गिऱ्हाईक निराळा. फुगली असंल तर लांब टाकते, भडकते ती." त्यांना माहीत नाही, पण कायदासुद्धा अगदी तसाच वागतो. फोनचे नियम निराळे आणि बॅटरीचे निराळे. बॅटरीचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. मावशी रोज दोन राजपत्रे स्क्रू-ड्रायव्हरने वेगळी करतात आणि दोन्हींत त्यांचे नाव नाही.

परदेशात गोळा करण्याची जबाबदारी थेट दुकानदारावर टाकलेली दिसते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २००४ साली खास मोबाईलसाठीच कायदा केला. १ जुलै २००६ पासून तिथे जुना फोन विनामूल्य परत घेण्याची व्यवस्था नसेल तर दुकानदाराला मोबाईल विकताच येत नाही. युरोपीय संघाच्या २०१२ च्या निर्देशाप्रमाणे, ज्या दुकानात विद्युत वस्तूंच्या विक्रीची जागा ४०० चौरस मीटर किंवा अधिक आहे, त्याने २५ सेंटिमीटरपेक्षा लहान जुनी वस्तू काही खरेदी न करताही फुकट स्वीकारायची. म्हणजे मोबाईल आलाच. आपल्या नियमांत अशी एक ओळ घालायला काय हरकत होती? ज्या झगमगत्या दुकानातून फोन जातो तिथेच तो परत यावा, एवढेच ते मागणे आहे.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो. २०१६ च्या नियमांत राज्याच्या कामगार खात्यावर स्पष्ट जबाबदारी होती. ई-कचरा फोडणाऱ्या व पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कामगारांना ओळख द्यावी, त्यांची नोंदणी करावी, त्यांचे गट बांधण्यास मदत करावी म्हणजे ते स्वतःची केंद्रे काढू शकतील, त्यांना कौशल्य शिकवावे आणि दरवर्षी त्यांच्या आरोग्य-सुरक्षेची पाहणी करावी. हे सगळे "करावे लागेल" या भाषेत होते. २०२२ च्या नियमांत राज्य सरकारकडे औद्योगिक जागा, कौशल्य प्रशिक्षण आणि कारखान्यांतल्या कामगारांची आरोग्य-सुरक्षा एवढे आहे. मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. गट बांधून स्वतःचे केंद्र काढण्याची वाट नव्या मजकुरात मला सापडली नाही.

गटाने काही होत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याकडे पाहावे. तिथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्याही बहुतांश दलित. पंचायतीच्या प्रयत्नांतून कचरावेचकांना ओळखपत्रे मिळाली आणि पुढे त्यांचीच सहकारी संस्था महानगरपालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलू लागली. उकिरड्यावरून हाकलली जाणारी बाई नळाचे बिल भरणाऱ्या नागरिकाच्या दारात गणवेशात उभी राहिली. गटारसफाई कामगारांसाठीच्या केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ मध्ये कचरावेचकांचाही समावेश झाला. ओळखपत्र, संरक्षक साधने आणि आरोग्य विमा ही त्यातली मुख्य कामे आहेत. आपल्या वस्तीत किती जणांची नोंद झाली, हे विचारायला हवे.

शिक्षेच्या तरतुदीही पाहा. १९८६ च्या कायद्यात नियम मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होते. १ एप्रिल २०२४ पासून ती कैद गेली आणि १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला. मात्र दंड वेळेत न भरल्यास तुरुंगाची तरतूद आहे. पंधरा लाख ही बड्या कंपनीच्या एका जाहिरातीची किंमत. दहा हजार म्हणजे एखाद्या भंगार फोडणाऱ्याची महिन्याची कमाई. दंड कोण भरू शकणार आणि कोण नाही, हे तुम्हीच ठरवा.

इथे एक तरुण मित्र मला अडवील. तो म्हणेल, "बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडा म्हणून सांगितले. तुम्ही मात्र आम्हाला भंगारात गट बांधायला सांगता?" हा आक्षेप मला मान्य आहे आणि माझ्याही मनाला तो टोचतो. माझ्या मुलीने बोर्ड जाळावेत असे मला वाटणार नाही, तसे मावशींच्या मुलीनेही जाळू नयेत. पण जरा बारकाईने पाहा. हे काम जोवर नुसते घाणीचे होते तोवर ते करायला आपल्यालाच पुढे ढकलले. त्यात सोने आहे हे कळताच त्याला उद्योग हे नाव मिळाले, त्यासाठी भांडवल लागू लागले, नोंदणी लागू लागली. घाण आणि धूर वस्तीत राहिले, प्रमाणपत्र फाटकाच्या आत गेले. मैला वाहून नेण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, पुन्हा २०१३ साली झाला, तरी माणसे गटारात मरतच राहिली. कायदा झाला म्हणून माणूस सुटत नाही. जाळण्याचे आणि तेजाबाचे काम बंद झालेच पाहिजे, यात दोन मते नाहीत. पण गोळा करण्याचे, तपासण्याचे आणि दुरुस्तीचे काम स्वच्छ जागेत, हातमोजे घालून, पावती देऊन करता येते. त्यात हिशेब लागतो, संगणक लागतो, तंत्रज्ञान लागते. आयटीआय झालेल्या आपल्या मुलांना ते काम का मिळू नये? आणि आज जी बाई तो माल आणते तिला त्या केंद्रात भागीदारी का असू नये? बाहेर पडायचे तर रिकाम्या हाताने का पडायचे?

विद्यार्थ्यांना दोन व्यवहारी गोष्टी सांगतो, कारण काउंटरवर बसून रोज फसवणुकीच्या तक्रारी ऐकतो. फोन देण्यापूर्वी सिमकार्ड व मेमरी कार्ड काढा, बँकेचे ॲप आणि सगळी खाती बंद करा, मग फोन पूर्ण पुसा. पडदा फुटला म्हणून आतली माहिती मरत नाही. आणि फुगलेल्या बॅटरीला टोचू नका, ती आग धरते.

आपल्या संस्थेसाठी माझा एक छोटा प्रस्ताव आहे. कार्यालयात जुन्या फोनसाठी एक कुलूपबंद पेटी ठेवावी, प्रत्येक फोनची नोंद वहीत करावी आणि माल फक्त नोंदणीकृत कारखान्याला वजनाची पावती घेऊन द्यावा. पेटीची देखभाल आणि फोन आणून देण्याचे काम वस्तीतल्या भंगार वेचणाऱ्या भगिनींच्या गटाला मोबदला देऊन सोपवावे. दुसरे काम माहितीच्या अधिकाराचे. १ ऑक्टोबर २०१६ ते ३१ मार्च २०२३ या काळात आपल्या जिल्ह्यात ई-कचऱ्याच्या किती कामगारांची नोंदणी कामगार खात्याने केली, किती गट बांधले आणि किती वेळा आरोग्य-पाहणी केली, एवढेच विचारायचे. महाराष्ट्रात असा अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, शुल्क दहा रुपये. मसुदा मी लिहून आणला आहे, एकशे बारा शब्द झाले आहेत. तो चिटणीसांच्या टेबलावर ठेवतो. सही कोणाच्या नावाने करायची तेवढे आज ठरवू.